चार काड्यांचं कुंपण

नियम तसे थोडकेच. फ्लूडिरच्या बसमध्ये, मांडीवर वही ठेवून लिहिले:
एकेक ओळ घ्यायची. दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटायची.
काहीच उरलं नाही तर पुढे चालायचं.
पहिलंच अक्षर # असलं, तरी पुढे चालायचं.
उरलेली ओळ पहिल्या बरोबरच्या चिन्हावर दुभंगायची,
पहिल्याच. नंतरची चिन्हं किमतीच्या मालकीची.
मधेच आलेला # सुद्धा तिचाच,
नाहीतर 'रांग#४' नुसती 'रांग' होऊन बसते
आणि पाण्याला कळत नाही कुठे वळायचं.

हॅडकचे काटे काढावेत तशी
माझ्या प्रोग्रॅमने हाल्मुंडुरची फाइल सोलली.
दोनशे बारा ओळींतून एकोणचाळीस हाती लागल्या.
तेवढ्यावर काचघर चालतं:
टोमॅटोच्या सहा रांगा, जमिनीतून उकळत येणारं पाणी,
डिसेंबरात दुपारीच उतरणारी रात्र
आणि तिच्या पोटात नारिंगी दिवे.

पाणी = ६२
दिवे_बंद = २०:००
झडप = रांग#४

मग थोरगेर्दुर म्हणाली, मला फोनवरून आकडा बदलता यायला हवा.
मालकीण ती. मी 'जतन करा'चं बटण दिलं.
तिने दाबलं. प्रोग्रॅमने फाइल वाचली, एक आकडा बदलला,
आणि जे त्याला ठाऊक होतं तेवढंच परत लिहिलं.
एकोणचाळीस ओळी, एकीला एक चिकटून, इस्त्री केल्यासारख्या.

काचघराला पत्ताही लागला नाही.
दिवे आठला विझले. झडप उघडली, मिटली.

गुरुवारी हाल्मुंडुर कॉफीला आला. निवृत्त झाला तरी येतो,
बूट दाराशी काढतो, पडद्याशी नाक नेतो.
बोट वरून खाली फिरवलं, पुन्हा वर नेलं.
'माझे भुंगे कुठेत?'

मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं.
मग खणातून त्याने जुना छापील कागद काढला, कॉफीच्या डागांचा,
आणि माझा प्रोग्रॅम जे ओलांडून गेला होता
ते मी पहिल्यांदाच वाचलं.

# आठनंतर उजेड नको. भुंग्यांना पेटीची वाट सापडत नाही.
# ६४ करून पाहिलं. चौथ्या रांगेची मुळं शिजली.
# रात्रीची_हवा = १९
# वरचा आकडा ग्रीमाच्या वेळचा. खोडू नका, निजू द्या.
# हे का चालतं ठाऊक नाही. चालतं.

चार काड्यांचं कुंपण प्रत्येक ओळीपुढे,
आणि कुंपणाआड वीस वर्षांची चुकांची बाग.

ग्रीमाच्या ओळीनंतर अकरा ओळी कोऱ्या होत्या.
मी मोजल्या. आवाज उतरवून विचारलं,
तेव्हा... काय झालं होतं?
'मांजर,' तो म्हणाला. 'एंटरवर झोपलं होतं.
उठवलं नाही.'

सगळं पुन्हा टाइप केलं. त्या अकरा ओळीही.
आता प्रोग्रॅम प्रत्येक ओळ जागेसकट जवळ ठेवतो,
समजलेली एका खिशात, न समजलेली दुसऱ्या,
आणि लिहिताना जिची तिथे परत मांडतो.
समजलं नाही म्हणून टाकून द्यायचं नाही,
एवढंच शिकवायला मला सत्तर ओळी लागल्या.
एक चूक अजून आहे: फाइलच्या तळाशी
दर वेळी एक जास्तीची कोरी ओळ येते.
शोधेन सावकाश.

काल पहिल्यांदा मीही एक कुंपण घातलं.

# ६२ चं ६१.५ केलं, थोरगेर्दुरच्या सांगण्यावरून.
# माझं मत वेगळं आहे. स्टेन्व्होर.

प्रोग्रॅम सुरू केला. तो त्या दोन ओळींपाशी आला,
पहिलं अक्षर पाहिलं
आणि मला न ओळखता पुढे गेला.
बाहेर बर्फ. आत एक भुंगा
पेटीच्या तोंडाशी घुटमळत,
आठला पाच कमी.